नातवंडांची शाळा

२०२४ सालच्या चैत्रांत एके दुपारीं पुण्याहून आमच्या चिरंजीवांचा फोन आला, तेव्हां मी ओटीवर बसून सुपाऱ्या सोलीत होतों. "नाना, आम्ही सगळेच घरीं येतों आहोंत. सुट्टीपुरते नाहीं, कायमचे," एवढें बोलून तो थांबला. ज्या वाक्याची वाट मी व आमचें कुटुंब कित्येक वर्षें पाहात होतों, तें असें अवचित कानीं पडल्यावर मला आनंद व्हावयास हवा होता. आणि तो झालाहि. परंतु वाचकहो, जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या माणसाची खोड कोठें जाते? माझ्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो असा: "अरे, पण मुलांच्या शाळेचें काय?"

आमचें घर दापोली तालुक्यांतल्या एका समुद्राकांठच्या गांवीं आहे. घरांत थोरले बंधु, वहिनी, पुतण्या, त्याची बायको, आम्ही दोघें, असा एका चुलीवरचा संसार. घरामागें पोफळीची वाडी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आलें आणि दोन पिढ्यांनीं लावलेलें सगळें अवघ्या कांहीं तासांत आडवें करून गेलें. पोफळीला नव्यानें लावल्यावर फळ धरावयास सहासात वर्षें लागतात. बंधूंचें वय झालें, पुतण्या एकटा पडला. चिरंजीवांची नोकरी संगणकावरची. ती कोठूनहि करतां येते, हें त्याच टाळेबंदीच्या वर्षांत त्याला व त्याच्या मालकांना कळलें होतें. तेव्हां त्याच्या येण्यांत वेडेपणा कांहींच नव्हता. प्रश्न होता तो दोन नातवंडांचा. नातू आठवी उत्तीर्ण होऊन नववींत जाणारा, नात सहावी संपवून सातवींत. हीं मुलें पहिलीदुसरींत असतीं तर मीं जागच्या जागीं उत्तर दिलें असतें, कीं घरासमोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत घाल. लहान मूल नव्या मातींत भाताच्या रोपासारखें रुजतें. पण चौदा वर्षांच्या मुलाला उपटून लावावयाचें म्हणजे मुळांना बरीच माती धरून आणावी लागते, आणि ती माती कोणती, हें आधीं पाहावें लागतें.

माझी विद्या ती किती! मी १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, मग अध्यापनाचा वर्ग केला, आणि तत्पूर्वीं आजोबांपाशीं अमरकोश, रघुवंश व लघुकौमुदी इतकें संस्कृत झालें. एवढ्या शिदोरीवर अडतीस वर्षें जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलें शिकवून २०१५ सालीं निवृत्त झालों. त्यांतलीं शेवटचीं अकरा वर्षें याच आमच्या गांवच्या शाळेंत. हें सांगतों तें बढाईसाठीं नव्हे. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

चिरंजीव मंडळींना घेऊन मे महिन्यांत आला. पहिल्याच रात्रीं जेवणें झाल्यावर मीं माझा निर्णय सांगून टाकला. निर्णयच तो, मला विचारलें कोणीं होतें असें नव्हे. मी म्हणालों, "धाकटीला येथें आणा. नातवाला मात्र दहावीपर्यंत पुण्यासच राहूं द्या. त्याची आत्या तेथें आहे, तिचें घर मोठें आहे. दोन वर्षांचा तर प्रश्न. नववीदहावीच्या ऐन मोक्यावर शाळा बदलूं नये." सूनबाईंचा चेहरा किंचित् उजळला, हें मीं पाहिलें. तिलाहि तेंच हवें होतें, पण बोलवत नव्हतें.

चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "नाना, १९९६ सालीं तुम्ही मला आठवींत पुण्याला माझ्या आत्याकडे ठेवलंत. आत्यानं कशांतहि कमी केलं नाहीं. पण पहिल्या पावसाळ्यांत मी रोज रात्रीं न्हाणीघरांतला नळ सोडून रडत असें. तुम्हांला कुणी सांगितलं नसेल."

मला कोणीं सांगितलें नव्हतें. आमचें कुटुंब माजघराच्या दारांत उभें होतें. तिला तें ठाऊक असावें, असें तिच्या खालीं गेलेल्या नजरेवरून मला वाटलें. अठ्ठावीस वर्षें हें माझ्यापासून लपविण्यांत आलें, याचा राग मला यावा कीं असें लपवावेंसें त्यांना वाटलें याची लाज वाटावी, हें मला त्या रात्रीं ठरवितां आलें नाहीं.

याहूनहि एक अवघड गोष्ट होती, ती चिरंजीव बोलला नाहीं. पण बहुधा त्याच्या मनांत असावी. ज्या वर्षीं मीं त्याला पुण्यास धाडलें, त्याच वर्षीं शेजारच्या बाजाराच्या गांवचें माध्यमिक विद्यालय पटाअभावीं अडचणींत आलें होतें, आणि मी घरोघर हिंडून पालकांना सांगत होतों, कीं मुलें मुंबईस चाळींत पाठवूं नका, आपल्या शाळेंत घाला, येथलेंहि शिक्षण कांहीं हलकें नाहीं. कित्येकांनीं माझ्या शब्दावर मुलें घातलीं. माझें स्वतःचें मूल मात्र त्याच जूनमध्यें ट्रंक घेऊन पुण्याच्या गाडींत बसलें होतें. मला त्या वेळीं कोणीं विचारलें असतें तर मीं उत्तर दिलें असतें, कीं मुलगा गणितांत हुशार आहे, त्याची गोष्ट निराळी. प्रत्येक बापाला आपल्या मुलाची गोष्ट निराळीच वाटते.

मीं मनाचें समाधान करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. कोंकणांतल्या मुलांनीं विद्येसाठीं घर सोडणें हें कांहीं नवें नव्हे. मुरूडचे महर्षि कर्वे एकोणिसाव्या शतकांत सोबत्यांसह भर पावसांत सह्याद्रि ओलांडून परीक्षेसाठीं पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेला न बसवितांच त्यांना परत धाडण्यांत आलें. पालगडचे साने गुरुजी दापोलीस, तेथून औंध संस्थानांत व मग पुण्यास शिकत गेले. पण या मंडळींनीं घर सोडलें तें जवळ शाळा नव्हती म्हणून किंवा घरीं पैसा नव्हता म्हणून. आणि चिपळुणाजवळ जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, ज्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड पाहून अजूनहि छाती दडपते, त्यांचें शालेय शिक्षण तर दापोलीच्याच मिशन शाळेंत झालें. म्हणजे माझ्या मताला जितके दाखले मिळत तितकेच त्याविरुद्धहि मिळत. दाखल्यांनीं असले प्रश्न सुटत नाहींत, हें मला पहांटे तीन वाजतां उमगलें, आणि सकाळीं उठून मीं चिरंजीवाला म्हटलें, "चल, शाळा पाहून येऊं. सगळ्याच पाहूं."

आधीं एका शेजाऱ्याच्या सूचनेची वासलात लावतों. ते म्हणाले, नवोदय विद्यालयांत घाला, सरकारी आहे, सर्व फुकट. सूचना वाईट नव्हती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर निघालेलीं हीं विद्यालयें खेड्यांतल्या मुलांसाठींच आहेत व चांगलीं आहेत. पण तेथें मुख्य प्रवेश सहावीला. नववीच्या रिकाम्या जागांसाठीं वेगळी परीक्षा असते, आणि तिला बसणारा मुलगा त्याच जिल्ह्यांतल्या शाळेंत आठवी शिकत असावा लागतो. आमचा पुण्यांत शिकत होता. शिवाय तें वसतिगृहाचें शिक्षण. ज्याचा बाप रात्रीं नळ सोडून रडला, त्याच्यापुढें तो विषय काढण्याचा धीर मला नव्हता.

पहिली शाळा पाहिली ती तालुक्याच्या गांवीं, आमच्यापासून चोवीस किलोमीटर. इंग्रजी माध्यम, केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम. इमारत नवी, फरशी अशी कीं पायांतल्या वहाणांची लाज वाटावी. भिंतीवर स्पर्शानें चालणारे फळे. सूनबाई प्रसन्न झाल्या, आणि त्यांचें कांहीं चुकलें असें मी म्हणणार नाहीं. शहरांतून आलेल्या आईला ओळखीची अशी तेवढीच एक जागा त्या दिवशीं दिसली. मीं मात्र कार्यालयांत बसल्यावर एकच गोष्ट विचारली: नववीदहावीला गणित कोण शिकवितें, आणि तीं किती वर्षें येथें आहेत? उत्तर मिळालें कीं बाई हुशार आहेत, नुकत्याच आल्या आहेत. त्यांच्या आधीं कोण? तेहि एकच वर्ष होते. त्यांच्या आधींचे? तेथें कारकुनाला रजिस्टर पाहावें लागलें. मला त्या बाईंविषयीं कांहीं म्हणावयाचें नाहीं. पगार पुरेसा नसेल, दूरच्या गांवाहून येत असतील. पण ज्या शाळेंत दर जूनला नवें माणूस फळ्यापाशीं उभें राहातें, तेथें मुलाचा कच्चा भाग कोणता हें कोणालाच ठाऊक नसतें. शिवाय शाळेची मोटार आमच्या फाट्यावर सव्वासहाला येते, आणि वळणावळणाच्या रस्त्यानें तासाभरानें पोंचते. नातीला तर पुण्याहून येतांना घाटांतच चार वेळां ओकारी झाली होती.

येथें एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत आणून देणें अवश्य वाटतें. केंद्रीय मंडळांत नववी व दहावी हा एकत्रित अभ्यासक्रम धरला जातो. थेट दहावींत दुसऱ्या मंडळांतून प्रवेश सहसा मिळत नाहीं. बापाची बदली वगैरे ठरावीक कारणें लागतात. तेव्हां मंडळ बदलावयाचें असेल तर तें नववीच्या दारांतच, आणि एकदां आंत गेल्यावर दहावी होईपर्यंत परतीची वाट धरूं नये. आमचा नातू राज्य मंडळाचा. त्याला गांव, सोबती, शाळा व मंडळ असें सगळें एकाच पावसाळ्यांत बदलावयास लावणें मला तरी जिवावर आलें.

दुसरी शाळा त्याच गांवची, जुनी, राज्य मंडळाची. तिच्या फाटकांतून शिरतांनाच मला गहिंवरून आलें, कारण आंतल्या एका वर्गांतून शब्दरूपें ऐकूं येत होतीं. सुट्टींतला जादा वर्ग होता. संस्कृताचे शिक्षक निष्णात. आम्ही दोघे अर्धा तास समासांवर बोलत बसलों, आणि चिरंजीवाला मला हाताला धरून उठवावें लागलें. गणित व शास्त्र इंग्रजींतून, बाकीचें मराठींतून, म्हणजे ज्याला हल्लीं सेमी म्हणतात तें, व तेंच नातू पुण्यांत शिकत होता. सर्व कसें मापांत बसणारें. अडचण एकच: चोवीस किलोमीटर. आमच्या गांवची वस्तीची एस्. टी. सकाळीं सहाला सुटते, ती चुकली तर दुसरी नवाला. संध्याकाळीं परतायला सात. आषाढांत झाड पडलें कीं गाडी वाटेंतच उभी. मुलाचे रोजचे तीन तास रस्त्यावर जाणार. मी म्हणत होतों, जाऊं द्या. संस्कृत आहे ना! घरांतल्या कोणाला माझ्या या उत्साहाचें कारण कळलें नाहीं असें नाहीं.

तिसरें तें बाजाराच्या गांवचें माध्यमिक विद्यालय, आमच्यापासून सात किलोमीटर. ज्याच्यासाठीं मी १९९६ सालीं घरोघर फिरलों होतों तेंच. कौलें नवीं बसविलेलीं, भिंती जुन्याच. मुख्याध्यापकांनीं आम्हांला चहा दिला आणि न विचारतां खरें सांगितलें. संस्कृत नाहीं. सेमीचा वर्ग कागदावर आहे, पुस्तकें इंग्रजी घेतां येतात, पण मुलांना समजावें म्हणून वर्गांत शिकवणें मराठींतूनच होतें. गणिताचे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरलेली नाहीं, तासिका तत्त्वावर एक तरुण पदवीधर येतो. शास्त्राच्या बाई मात्र एकोणीस वर्षें येथेंच आहेत.

मीं प्रयोगशाळा पाहावयास मागितली. मास्तरकीच्या धंद्यांतली ही एक खूण सांगून ठेवतों. पाहुण्यांना दाखविण्याच्या प्रयोगशाळेंत कांचेचीं भांडीं एकसारखीं चकचकीत असतात. येथें निम्म्या परीक्षानळ्यांचीं तोंडें उडालेलीं, ब्यूरेटच्या स्टँडवर आम्लाचे डाग, आणि सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या पट्टीवर कोणत्याशा पानाची साल तशीच राहून वाळलेली. बाई संकोचल्या. मी म्हणालों, "बाई, ती साल काढूं नका." वाचनालयाची नोंदवही उघडली, तर मार्चअखेरपर्यंत नोंदी होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहांत मे महिन्यांतहि पाणी होतें. हें सूनबाईंनीं स्वतः जाऊन पाहिलें, आणि परत आल्या तेव्हां त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी झालेली होती.

निकालाविषयीं मीं कोठेंच विचारलें नाहीं. ज्यांना याचें नवल वाटेल त्यांच्यासाठीं सांगतों, कीं २०१२ सालीं कोंकणचें विभागीय मंडळ वेगळें झालें, तेव्हांपासून दहावीच्या निकालांत आमचा विभाग राज्यांत पुढें असतो. २०२४ सालीं राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, तर कोंकणचा ९९.०१. जेथें शंभरांतलीं नव्याण्णव मुलें उत्तीर्ण होतात, तेथें निकालाच्या फलकावरून शाळा निवडणें म्हणजे सगळेच पिकलेले आंबे रंगावरून पारखण्यासारखें आहे. त्याऐवजीं मीं असें विचारलें, कीं दोन वर्षांमागें येथून बाहेर पडलेलीं मुलें आज कोठें आहेत. या प्रश्नाला पहिल्या शाळेंत छापील पुस्तिका मिळाली. येथें मुख्याध्यापकांनीं बोटांवर मोजून एकेकाचें सांगितलें: अमका आय्. टी. आय्.ला, तमकी रत्नागिरीस परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला, एकजण कृषि विद्यापीठांत, दोघे बापाच्या होडीवर. होडीवरच्या दोघांविषयीं बोलतांना त्यांचा आवाज जरा खालीं आला. त्यांचा तो आवाज ऐकून माझें अर्धे मत बनलें.

घरीं आल्यावर चर्चा रंगली. बंधु बाजाराच्या गांवच्या बाजूचे, वहिनी इंग्रजी माध्यमाच्या, मी संस्कृताच्या. शेवटीं चिरंजीव म्हणाला, ज्याला जावयाचें त्याला विचारा कीं! नातू तोंवर झोपाळ्यावर पाय सोडून बसला होता. मीं त्याला जवळ बोलावून संस्कृताचें माहात्म्य सांगितलें. आठवींत त्यानें पूर्ण संस्कृत घेतलें होतें, तें सुटेल, वगैरे. तो सरळपणानें म्हणाला, "आजोबा, मीं संस्कृत मार्कांसाठीं घेतलं होतं. आमच्या वर्गांत सगळ्यांनींच घेतलं होतं. हिंदी घेतलं तरी चालेल मला."

असल्या सरळपणावर रागावतां येत नाहीं. मी उठून मागच्या वाडींत गेलों आणि बराच वेळ नव्या पोफळींच्या आळ्यांत पाणी शिंपत उभा राहिलों. रघुवंशाचा पहिला सर्ग मला आजोबांनीं याच वाडींत पाठ करविला होता.

जूनमध्यें नातवाचें नांव बाजाराच्या गांवच्या विद्यालयांत घातलें. पुण्याच्या शाळेनें दाखला देतांना पुढच्या सत्राची फी मागून अंमळ त्रास दिला. नातीच्या बाबतींत मुख्याध्यापकांना कायदा दाखवावा लागला: २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलतांना दाखला ताबडतोब द्यावा लागतो, दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारतां येत नाहीं. नातवाला मात्र नववीमुळें त्या कायद्याचें छत्र नव्हतें. त्याचा दाखला चिरंजीवांनीं दोन खेपा घालून आणला. संगणकावरच्या सरल प्रणालींतूनहि मुलाचें नांव जुन्या शाळेनें सोडावें लागतें. तें झालें कीं नाहीं, हें सामान बांधण्यापूर्वीं पाहून घेतलेलें बरें.

पहिल्या घटक चाचणींत नातवाला शास्त्रांत वीसपैकीं नऊ गुण मिळाले. पुण्यांत त्याला अठरा पडत. सूनबाई त्या दिवशीं जेवल्या नाहींत. मुलाला विषय येत होता. शब्द येत नव्हते. बाई अपवर्तन म्हणत, आणि हा मनांत रिफ्रॅक्शन हुडकीत बसे, तोंवर फळा पुसला जाई. संध्याकाळीं तो पुस्तक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, हें मराठी आहे कीं काय आहे?" मीं चष्मा लावला. संवेग, गतिज, अपवर्तन, संश्लेषण, आम्लारी. मला त्यांतलें शास्त्र म्हणाल तर येत नव्हतें, पण शब्द सगळे माझ्या घरचे निघाले! म्हणालों, "बाबा, हें संस्कृत आहे. अप म्हणजे दूर, बाजूला. वर्तन म्हणजे वळणें. काय वळतें रे येथें?" तो म्हणाला, "प्रकाश." "संश्लेषणांत श्लिष् धातु आहे, म्हणजे चिकटणें, मिठी मारणें. सम् म्हणजे एकत्र. कशाकशाची मिठी?" तो पाणी नि कार्बन डायऑक्साइड म्हणाला, आणि पानांनीं उन्हाच्या जोरावर ती मिठी कशी घातली, तें त्यानें मला शिकविलें. आम्लारीपाशीं मात्र मीहि क्षणभर अडलों. मग दिसलें: आम्लाचा अरि तो आम्लारि! अकःसवर्णे दीर्घः. मीं तो संधि फोडून दाखविला तेव्हां मुलगा खदखदून हंसला आणि म्हणाला, "म्हणजे ॲसिडचा शत्रू! मग हें लक्षांत राहील."

त्यानंतर रोज दिवेलागणीला आमची ही बैठक होऊं लागली. गणित त्याचा बाप पाहातो. मी शब्द फोडतों, नातू त्यांतलें शास्त्र मला सांगतो. दुसऱ्या चाचणींत सोळा आले. परीक्षेत त्याचा विषय हिंदीच आहे, व संस्कृत त्याला गोड लागूं लागलें आहे असें मी म्हणणार नाहीं. एखादे दिवशीं तो कंटाळतो आणि मोबाईल घेऊन माडीवर जातो. विद्यालयांतल्या मुलांनीं पहिले दोन महिने त्याला "पुणेकर" म्हणून पुरेसें छळलें. पुढें गणपतींत त्यांच्यापैकीं तिघे आमच्या घरीं आरतीला आले, आणि जातांना तो त्यांच्याबरोबर खाडीवर गेला, तो रात्रीं नवाला चिखलानें माखून परतला. त्याच्या बापानें त्याला बोलण्याऐवजीं न्हाणीघरांत बादली भरून ठेवली. २०२५ च्या जूनमध्यें तो दहावींत गेला. अकरावीचें पुढें काय, हा प्रश्न आहेच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यांत संगणकाद्वारें सुरू झाले, आणि त्यांत आमच्या तालुक्यांतलीं महाविद्यालयें व पुण्यांतलीं एकाच यादींत दिसतात. तेव्हां घर सोडावयाचें कीं नाहीं, तें त्या वेळीं तो सोळा वर्षांचा होऊन स्वतः ठरवील. तेराव्या वर्षीं दुसऱ्यानें ठरविणें व सोळाव्या वर्षीं आपण ठरविणें यांत अंतर आहे, असें चिरंजीव म्हणतो. मी ऐकून घेतों.

आतां नातीची गोष्ट. ती सांगण्याचें मी इतका वेळ टाळीत आलों. आमच्या गांवची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. घरासमोर, चाळीस पावलांवर. २०२४ सालीं पट तेवीस होता, शिक्षक दोन. मुख्य शिक्षिका माझीच विद्यार्थिनी. मीं तिला चौथींत पाढे शिकविले आहेत. काम चोख, मुलें वाचतात छान. पण सातवीच्या वर्गांत मुलगे दोन, आणि मुलगी एकहि नाहीं. बारा वर्षांची मुलगी, आधींच मैत्रिणी पुण्यांत टाकून आलेली. तिला वर्षभर एकटीला बाकावर बसवावयाचें? मोठ्या मुलांना शिक्षकांइतकीच सोबत्यांची गरज असते, किंबहुना जरा अधिकच. विद्यालयांत पांचवीपासून वर्ग आहेत, सातवींत अकरा मुली आहेत, भाऊ बरोबर आहे, आणि अहिल्याबाई होळकर योजनेंत मुलींना बारावीपर्यंत एस्. टी.चा पास फुकट मिळतो. सूनबाईंनीं नातीला तेथेंच घालण्याचें ठरविलें. बरोबरच ठरविलें. मीं होकार दिला.

पण गांवांतल्या शाळेचा पट हा नुसता आंकडा नसतो. त्यावर शिक्षकांच्या जागा ठरतात. पट घसरला कीं एक शिक्षक जातो, शिक्षक गेला कीं उरलेले पालक मुलें काढतात. १९९६ सालीं मीं माझा मुलगा बाहेर धाडला, आणि २०२४ सालीं, ज्या शाळेच्या पटावर अकरा वर्षें माझ्या हातानें नांवें लिहिलीं, तिच्या पटावर माझ्याच नातीचें नांव घातलें नाहीं. दोन्ही वेळां कारण चांगलें होतें.

हें दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वीं आपणच सांगावें म्हणून मी शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशीं बाईंना भेटावयास गेलों. ती पुस्तकांचे गठ्ठे सोडीत होती. मीं सर्व सांगितलें, मुलींचें, सोबतीचें. ती म्हणाली, "गुरुजी, मीहि तेंच केलं असतं." मग जरा वेळानें, दोरी गुंडाळीत, "एक नांव मीं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं," एवढेंच बोलली, आणि मला चहा टाकते म्हणून आंत गेली.

सकाळीं साडेनवाला दोघां नातवंडांना फाट्यापर्यंत पोंचवावयास मी जातों. वाट शाळेवरूनच आहे. शनिवारीं परत येतांना मी आंत वळतों. बाईंनींच सांगितलें, कीं गुरुजी, येऊन मुलांना गोष्टी सांगत जा. लहान मुलें भोंवतीं बसतात. २०२५ च्या जूनमध्यें पट एकवीस झाला.